आमची म्हैस आणि कानडी हाक

मी बेळगावात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतो, त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आप्पांनी हुक्केरी तालुक्यातील एका कानडी घरातून म्हैस विकत आणली. खानापूर तालुक्यातील आमच्या गावात तोवर कोणी इतक्या लांबून जनावर आणलेले नव्हते, त्यामुळे ती टेम्पोतून उतरवताना निम्मी गल्ली जमली होती. म्हैस तिसऱ्या वेताची आणि अंगापिंडाने भरलेली होती, आणि विकणाऱ्याने दोन्ही वेळचे मिळून आठ लिटर दूध छातीठोकपणे सांगितले होते. रेडकू मात्र जन्मल्यानंतर आठवड्याभरातच दगावले होते. पहिल्या संध्याकाळी आई धार काढायला बसली आणि चरवीच्या तळाला अर्धा लिटरही दूध लागले नाही.

आईचा हात काही नवखा नव्हता. तिने सरकी घातलेले आंबोण पुढे ठेवले, कोमट पाण्याने कास धुतली, सड चोळले, पाठीवरून हात फिरवला. म्हैस आंबोण खात होती आणि पान्हा चोरत होती. चार दिवस हेच चालले. शेजारच्या काकांनी इंजेक्शन देण्याचा सल्ला दिला, तो आप्पांनी ऐकला नाही. पाचव्या दिवशी ते पुन्हा हुक्केरीकडे गेले. फसवणूक झाली असे म्हणायला गेलेल्या आप्पांना त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: "तुम्ही तिला हाक कशी मारता?" रेडकू गेल्यानंतर या बाईच तिची धार काढत असत. बसण्याआधी त्या चरवीच्या काठावर बोटातल्या अंगठीने तीन वेळा टकटक करत आणि सावकाश म्हणत, "बारव्वा, बारव्वा". ये बाई, ये, असा त्याचा साधा अर्थ.

आईचे माहेर चंदगडचे, तिला कानडीचा गंधही नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने ओशाळल्या आवाजात "बारव्वा" म्हटले. म्हशीचा कान हलला, एवढेच. तिसऱ्या दिवशी मात्र कास ताठरली, सड फुगले आणि चरवीत फेस येईपर्यंत धार लागली. "अहो, हिला माझं मराठी कळतच नव्हतं," असे आई आप्पांना म्हणाली, ते वाक्य आमच्या घरात पुढे अनेक वर्षे थट्टेने वापरले गेले. मी पुढे जीवशास्त्र शिकवण्याचा व्यवसाय पत्करला आणि पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांपुढे प्रतिक्षिप्त क्रियांचा धडा सुरू करताना पुस्तकातल्या कुत्र्याआधी नेहमी या म्हशीलाच वर्गात आणले.

पान्हा हा शब्द आपण मायेशी जोडतो, आणि ते चुकीचे नाही. पण त्यामागची शरीराची व्यवस्था जाणून घेण्यासारखी आहे. कासेतील बहुतेक दूध सूक्ष्म पुटिकांमध्ये अडकलेले असते आणि ते केवळ सड पिळून खाली येत नाही. सडाला स्पर्श झाला, रेडकाने ढुशी दिली, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते, ते कासेपर्यंत पोहोचते, पुटिकांभोवतीच्या पेशी आकसतात आणि दूध खाली उतरते. हा परिणाम काही मिनिटेच टिकतो. गाईच्या कासेत सुमारे वीस टक्के दूध आधीच खालच्या पोकळीत उतरलेले असते, म्हशीत ते जेमतेम पाच टक्के असते. म्हणून पान्हा न सोडणारी गाय थोडेफार तरी देते आणि पान्हा न सोडणारी म्हैस जवळजवळ काहीच देत नाही. त्यातच नवे घर, नवे हात, नवे वास यांनी जनावर बिचकले की ॲड्रेनॅलिन या व्यवस्थेला आडवे येते. स्पर्शाने पान्हा सुटणे हे उपजत आहे. अंगठीच्या टकटकीने किंवा कानडी शब्दाने तो सुटणे हे मात्र शिकलेले आहे, आणि शिकलेले असूनही ते म्हशीच्या इच्छेच्या ताब्यात नाही. रेडकू दगावल्यावर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवण्याची जुनी रीत आपल्याकडे होती, तीही याच खुबीवर चाले.

इव्हान पाव्हलोव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील कामासाठी, हे अनेकांना ठाऊक नसते. कुत्र्यांच्या लाळेचे आणि जठररसाचे मोजमाप करताना त्यांना एक अडचण जाणवू लागली: अन्न तोंडात पडण्याआधीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच लाळ सुटत होती आणि मोजमाप बिघडत होते. दुसऱ्या एखाद्याने ही अडचण दूर करून मूळ काम पुढे नेले असते. पाव्हलोव्ह यांनी उरलेले आयुष्य त्या अडचणीलाच वाहिले. त्यांच्या नावाशी घंटा कायमची चिकटली असली तरी प्रयोगशाळेत ते तालमापक यंत्र, गुंजन करणारे विद्युत यंत्र, दिव्याचा उजेड आणि त्वचेवरील स्पर्श अशी अनेक साधने वापरत. अर्थशून्य खूण आणि अर्थपूर्ण गोष्ट वारंवार एकामागून एक आल्या की खुणेलाही अर्थ येतो, एवढाच या शोधाचा गाभा सांगितला जातो. एवढ्यावर थांबले तर मात्र चित्र अपुरे राहते.

टिळकवाडीतील दुसऱ्या रेल्वे गेटजवळ मी काही वर्षे राहत होतो. फाटक पडू लागले की स्कूटरवाल्यांचे हात आपोआप किल्लीकडे जात, चालणारे पाय उचलत आणि कोपऱ्यावरचा फुगेवाला वाहनांच्या रांगेकडे निघे. कारण फाटक आणि गाडी यांचा संबंध पक्का होता. आता अशी कल्पना करा, की फाटक पडल्यावर गाडी नेहमीप्रमाणेच येते, पण फाटक उघडे असतानाही ती तितक्याच वेळा धडधडत जाते. जोडी तितक्याच वेळा जुळली, तरी फाटकाकडे कोणी लक्ष दिले नसते. रॉबर्ट रेस्कॉर्ला या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली उंदरांवर नेमके हेच तपासले. ध्वनी आणि विजेचा सौम्य धक्का यांची जोडी त्यांनी तितक्याच वेळा जुळवली. मात्र काही उंदरांना ध्वनी नसतानाही तितक्याच प्रमाणात धक्के दिले. त्या उंदरांना ध्वनीची भीती बसली नाही. प्राणी नुसत्या जोड्या मोजत नाही. या खुणेमुळे पुढच्या क्षणाविषयी काही अधिक कळते का, हे तो पाहतो. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींमध्ये हाच हिशेब चाललेला पाहिला. सुरुवातीला त्या पेशी फळांच्या रसाचा थेंब मिळताच उत्तेजित होत. शिकून झाल्यावर त्या खुणेलाच उत्तेजित होऊ लागल्या आणि रसाकडे जणू दुर्लक्ष करू लागल्या. आणि खूण होऊनही रस आला नाही तर नेमक्या त्या क्षणी त्यांची हालचाल मंदावली. अपेक्षाभंग हा शब्द आपण कवितेपुरता राखून ठेवतो, पण तो पेशींच्या पातळीवर मोजता येतो.

या साऱ्याला एक ठळक अपवाद आहे, आणि तो मी स्वतः भोगलेला आहे. मी आठ वर्षांचा असताना मामाने बेळगावहून अर्धा किलो कुंदा आणला. मी त्यातला बराच भाग एकट्याने संपवला आणि त्याच रात्री मला ताप भरून उलट्या सुरू झाल्या. कुंद्याचा काही दोष नव्हता, कारण तो न खाल्लेली माझी दोन्ही भावंडे त्याच आठवड्यात त्याच तापाने आजारी पडली होती आणि गल्लीतही ती साथ होती. तरीही पुढची अकरा वर्षे आटवलेल्या खव्याचा तो करपट गोड वास आला की माझ्या पोटात ढवळे. बेळगावच्या माणसावर याहून मोठे संकट येऊ शकत नाही, कारण येथे आनंदाची कोणतीही बातमी कुंद्यावाचून पूर्ण होत नाही. पुढे ती तीव्रता ओसरली, पण पुरती गेली नाही. माझे लग्न ठरवायला शहापुरात गेलो, तेव्हा भावी सासूबाईंनी वाटी भरून कुंदा पुढे केला, तो मी श्वास रोखून खाल्ला आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन उभा राहिलो.

पाव्हलोव्हच्या नियमांनुसार असे व्हायला नको होते. तेथे खूण आणि परिणाम यांत काही क्षणांचेच अंतर असावे लागते आणि जोडी पुन्हा पुन्हा जुळावी लागते. येथे एकच प्रसंग, आणि मध्ये कित्येक तास. जॉन गार्सिया यांनी १९५५ साली दाखवले, की साखरेसारख्या गोड चवीचे पाणी पिताना किरणोत्सारामुळे अस्वस्थ झालेले उंदीर पुढे त्या चवीलाच टाळतात. रॉबर्ट कोलिंग यांच्याबरोबरच्या १९६६ च्या प्रयोगात तर त्यांनी पाण्याला चव दिली आणि त्याच वेळी, उंदीर पाणी चाटताच, दिवा लागेल आणि खटका वाजेल अशी योजना केली. ज्यांना विजेचा धक्का बसला ते उजेड आणि आवाज यांना भ्याले, ज्यांना आजारपण आले त्यांनी चव टाळली. शरीर कोऱ्या पाटीसारखे नाही. पोट बिघडले की संशय आधी जिभेवर घ्यायचा, ही शिकवण त्याच्यात आधीच भरलेली आहे. मला साथीचे कारण पूर्णपणे पटलेले होते आणि त्याचा पोटावर काडीचाही परिणाम होत नव्हता, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असे आपण म्हणतो, तेव्हा आपण त्याच्या मूर्खपणाला हसतो. पण ताक थंड असते हे त्या माणसाला ठाऊक नसते असे थोडेच आहे? ओठांना कोणी विचारलेले नसते.

शिकण्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे लक्ष देणे सोडणे. माझी मावशी वडगावात विणकरांच्या गल्लीत राहत असे. तेथील मागांच्या खडखडाटात मला पहिल्या रात्री डोळा लागला नाही. चौथ्या रात्री मी गाढ झोपलो होतो आणि दोनच्या सुमारास वीज गेल्यामुळे माग थांबले, तेव्हा मी, मावशी आणि तिची सगळी मुले एकदम जागी झालो. आवाजाने न उठणारी माणसे आवाज थांबल्यामुळे उठली होती. आमच्या शेतातले बुजगावणेही जेमतेम आठवडाभर टिके, मग चिमण्या त्याच्या खांद्यावर बसून कणसे पाहत. आणि जांबोटीकडचे शेतकरी सांगतात की वानरे फटाक्यांनाही सरावतात. समुद्री गोगलगाईच्या एका जातीवर एरिक कँडेल यांनी या सरावण्याचा मज्जापेशींपर्यंत माग काढला आणि त्यांना २००० साली नोबेल मिळाले.

बक्षीस आणि शिक्षा यांविषयी मी लिहायला नको इतके लिहिले गेले आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना पेटीत कोंडून दाखवले, की सुटकेची युक्ती त्यांना एकाएकी सुचत नाही. फळलेली हालचाल हळूहळू पक्की होते आणि निष्फळ हालचाली गळून पडतात. बी. एफ. स्किनर यांनी त्याचे शास्त्र केले. त्यातला एकच मुद्दा मला आमच्या भागात रोज दिसतो: कधी मिळेल आणि कधी मिळणार नाही अशा बेभरवशाच्या बक्षिसाने लागलेली सवय, दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसाच्या सवयीपेक्षा कितीतरी चिवट असते. आमच्या गल्लीतील एक गृहस्थ आयुष्यभर मटक्याचा आकडा लावत आले. त्यांना रोज हरायला मिळाले असते तर ते महिन्याभरात सुटले असते. वर्षातून दोनदा लागलेल्या आकड्याने त्यांना बांधून ठेवले. शिक्षेबद्दल सांगायचे तर शाळेत आम्हाला गणित शिकवणारे एक गुरुजी छडी चालवत. पाढे पाठ व्हावेत हा त्यांचा हेतू होता. पाढे मी घरी आजीकडून शिकलो. गुरुजींकडून मी वहीचे चौकोनी पान दिसताच तळहाताला घाम सुटायला शिकलो, आणि तो धडा जास्त टिकला.

शिकलेले पुसता येते का, हा प्रश्न मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तालमापक वाजवला आणि अन्न दिले नाही, असे पुन्हा पुन्हा केले की कुत्र्याची लाळ कमी होत जाते आणि शेवटी थांबते. हे पाहून कोणालाही वाटेल की संबंध तुटला. पण पाव्हलोव्ह यांनी कुत्र्याला काही काळ विश्रांती दिली आणि पुन्हा तालमापक लावला, तेव्हा लाळ परत आली. जुना धडा मिटला नव्हता. त्याच्यावर "आता नाही" असा दुसरा धडा बसला होता, आणि दुसरा धडा पहिल्यापेक्षा कच्चा होता. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला पूर आला आणि पाव्हलोव्ह यांचे कुत्रे कोठड्यांमध्ये छतापर्यंत चढलेल्या पाण्यात पोहत राहिले. त्यांना वाचवण्यात आले, पण काही कुत्रे शिकवलेले बरेच काही गमावून बसले. महिन्यांच्या प्रयत्नांनी त्यांची घडी पुन्हा बसल्यावर, दाराखालून पाण्याची नुसती बारीक धार खोलीत सोडताच त्यांतला एक पुन्हा पूर्वीसारखा बिथरला.

जागेचा यात मोठा हात असतो. मार्क बाउटन आणि रॉबर्ट बोल्स यांनी १९७९ साली दाखवले, की एका पेटीत बसलेली भीती दुसऱ्या पेटीत घालवली, तरी उंदीर पहिल्या पेटीत परतताच भीती परत येते. सीमाभागातील मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. बेळगावच्या बसमध्ये कंडक्टरने "मुंद होग्री" म्हटले की अर्थ मनात उमटण्याआधी माझे पाय पुढे सरकलेले असतात. बाजारात, दवाखान्यात, तलाठ्याच्या कचेरीत माझी कानडी बऱ्यापैकी वाहते. पण गावच्या घरी पाहुण्या कानडी माणसाशी बोलायची वेळ आली की नेमके शब्द जिभेवर येत नाहीत. डंकन गॉडन आणि ॲलन बॅडली यांनी १९७५ साली पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला लावल्या होत्या. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखाली अधिक आठवले आणि काठावर पाठ केलेले काठावर. माझी कानडी बसच्या दांड्याला धरून शिकलेली आहे, ती घरच्या ओसरीवर चढायला बिचकते.

म्हशीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. आईला ते "बारव्वा" काही आवडत नव्हते. तिने आपल्या मनाने एक युक्ती केली: आधी "ये गं बाय, ये" म्हणायचे, लगेच "बारव्वा" म्हणायचे, मग बसायचे. महिन्याभरात म्हैस मराठी शब्दांनाच कान टवकारू लागली आणि आईने कानडी शब्द सोडून दिला. शिकलेल्या खुणेच्या पुढे नवी खूण जोडता येते, हे पाव्हलोव्ह यांनीही दाखवले होते, पण ते मला नंतर वाचायला मिळाले. मी मात्र शास्त्र शिकत असल्याच्या घमेंडीत सुटीत एक उद्योग केला. रोज दुपारी गोठ्याच्या दारात उभा राहून मी चरवी वाजवत असे आणि "बारव्वा" म्हणून निघून जात असे. पहिले काही दिवस म्हैस दावे ताणून माझ्याकडे वळे, नंतर फक्त कान हलवी आणि शेवटी रवंथही थांबवेना. मी वहीत दिवसवार नोंदी ठेवल्या होत्या आणि शेवटी ठळक अक्षरांत लिहिले होते: संबंध नष्ट झाला. आईला हे कळले तेव्हा तिने मला चांगलेच सुनावले, जनावराला फसवू नये म्हणून.

तीन वर्षांनी त्या हुक्केरीच्या बाई नात्यातल्या एका लग्नासाठी खानापूरला आल्या होत्या आणि म्हैस बघायची म्हणून मुलाला घेऊन आमच्या घरी आल्या. संध्याकाळची वेळ होती. आईने त्यांना चहा दिला आणि खुणेनेच विचारले, धार काढता का. त्यांनी चरवी घेतली, गोठ्याच्या उंबऱ्यावर उभे राहून अंगठीने तीन वेळा टकटक केली आणि सावकाश एकदाच म्हटले, "बारव्वा". म्हशीने मान वळवून नाकाने मोठा श्वास घेतला. त्या अजून कासेपाशी पोहोचल्याही नव्हत्या, तोवर चारही सड फुगून तट्ट झाले होते. आंबोण घालायचे राहून गेले आहे हे आमच्या नंतर लक्षात आले.

आई खांबाला टेकून उभी होती, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा गोठ्यातून चरवीच्या काठावर काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता, आणि पाठोपाठ आईचा आवाज, चंदगडी हेल काढून: "बारव्वा, बारव्वा".